पाच इंची ड्रोनवर ॲनालॉग एफपीव्ही बसवताना

एफपीव्ही म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांवरच्या गॉगलच्या पडद्यात पाहत उडवणं. ते चित्र खराब आलं की बहुतेक जण आधी कॅमेरा बदलतात. दोष तिथे क्वचितच असतो. तो सापडतो अँटेनात नाहीतर वीजपुरवठ्यात, आणि दोन्ही दुरुस्त्या स्वस्तातल्या आहेत. म्हणून इथे आधी अँटेना, मग वीज आणि त्यानंतर कॅमेरा असा क्रम घेतला आहे. पाच इंची पंख्यांची फ्रेम, ४एस (चार सेलची) बॅटरी आणि बीटाफ्लाइट हे सॉफ्टवेअर चालणारा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मुख्य बोर्ड, धरून चाललो आहोत. डिजिटलचं चित्र जास्त स्वच्छ असतं, पण शिकताना ड्रोन आपटणारच, आणि फुटलेला ॲनालॉग कॅमेरा बदलणं खिशाला झेपतं.

पहिला नियम: अँटेना लावल्याशिवाय व्हीटीएक्सला, म्हणजे व्हिडिओ ट्रान्समीटरला, वीज द्यायची नाही, अगदी दोन सेकंदांसाठीसुद्धा. बाहेर न पडलेली ऊर्जा परत फिरते आणि त्याचा शेवटचा ॲम्प्लिफायर तापून जातो. गंमत म्हणजे असा अर्धमेला व्हीटीएक्स टेबलावर झकास चित्र देतो आणि मैदानात पन्नास मीटरवर नुसता बर्फ, म्हणजे पांढरे ठिपके, दाखवतो.

अँटेना घेताना दोन गोष्टी जुळवा. एक, पोलरायझेशन, म्हणजे लहरी कोणत्या दिशेने फिरतात ते: ड्रोनवर आरएचसीपी (उजवीकडे फिरणारा) असेल तर गॉगलवरही आरएचसीपीच हवा. उलटसुलट लावलेत तर सिग्नलचा मोठा भाग वाया जातो. दोन, कनेक्टर: एसएमए आणि आरपी-एसएमए यांचे आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन एकतर दोन्हीकडे असते किंवा कुठेच नसते. फिरवण्याआधी आत डोकावून पाहा, एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला भोक दिसलं पाहिजे. बोर्डावरचा इवलासा यूएफएल कनेक्टर सरळ वरून दाबून ‘टक्’ असा बसवा आणि केबल झिपटायने फ्रेमला बांधा, नाहीतर पहिल्याच धडकेत तो निघतो. अँटेनाचं टोक कार्बनच्या फ्रेमबाहेर असू द्या, कारण कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतो.

आता वीज. मोटरी झटक्यात वेग बदलतात तेव्हा बॅटरीच्या लाइनवर व्होल्टेजचे झटके येतात आणि तेच चित्रात आडव्या रेषा बनून दिसतात. ४एससाठी ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कॅपॅसिटर ईएससीच्या, म्हणजे मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाच्या, बॅटरी पॅडवर, पाय जमतील तितके आखूड ठेवून डाखा. ६एस असेल तर ५० व्होल्टचा घ्या. पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा लावला तर फुटतो. ऋण पॅडला भरपूर तांबं जोडलेलं असल्याने तो उष्णता ओढून घेतो. तिथे बारीक टोकाची सोल्डरिंग गन कामाची नाही. जाड टोक आणि फ्लक्स वापरा.

व्हीटीएक्सला थेट बॅटरीवरून वीज देण्याऐवजी फ्लाइट कंट्रोलरच्या ९ किंवा १० व्होल्टच्या पॅडवरून द्या. कॅमेऱ्याला ५ व्होल्ट बहुधा चालतात, तरी त्यावरचा आकडा वाचून घ्या. कॅमेऱ्याची पिवळी तार म्हणजे व्हिडिओ. ती फ्लाइट कंट्रोलरच्या कॅमेरा पॅडवर जाते आणि तिथून ओएसडीचे, म्हणजे चित्रावर दिसणारे बॅटरी वगैरेचे, आकडे मिसळलेलं चित्र व्हीटीएक्सला मिळतं. व्हीटीएक्सची वाहिनी आणि पॉवर बीटाफ्लाइटमधून बदलू देणारी स्मार्टऑडिओची तार रिकाम्या यूआर्टच्या (सीरियल पोर्टच्या) टीएक्स पॅडवर.

बॅटरी जोडण्यापूर्वी मल्टिमीटरचा बझर प्लगच्या दोन टोकांना लावा. क्षणभर वाजून थांबला तर तो कॅपॅसिटर भरल्याचा आवाज. वाजतच राहिला तर शॉर्ट आहे. पहिल्यांदा वीज देताना मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब धन तारेत मधे जोडा. चमकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच काढा. ड्रोनचे पंखे या वेळी लावलेले नसावेत.

बीटाफ्लाइटच्या पोर्ट्स टॅबमध्ये त्या यूआर्टपुढे स्मार्टऑडिओ निवडा आणि व्हीटीएक्स कंपनीने दिलेलं व्हीटीएक्स टेबल, म्हणजे बँड (वाहिन्यांचे संच), वाहिन्या आणि पॉवर यांची यादी, भरा. ते राहिलं की बँड बदलता येत नाहीत. पॉवर २५ मिलीवॉट. टेबलावर वारा नसल्याने व्हीटीएक्स चटकन तापतो, तेव्हा चाचणी आटोपशीर ठेवा किंवा समोर टेबलफॅन लावा.

भारतात ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे. रेसबँड या बँडच्या आर-३ (५७३२) ते आर-६ (५८४३) या वाहिन्या त्यात बसतात. आर-७ (५८८०) आणि आर-८ (५९१७) बाहेर जातात. गॉगलवर बँड आणि वाहिनी दोन्ही तपासा. व्हीटीएक्स आर-५ वर (५८०६) आणि गॉगल दुसऱ्या बँडच्या एफ-५ वर (५८२०) असला तरी हातभर अंतरावरून चित्र दिसतं, आणि उड्डाणात ते जातं.

बिघाड ओळखायला पडदा पुरतो. काळ्या पडद्यावर ओएसडीचे आकडे दिसतात? मग कॅमेरा किंवा त्याची तार. चित्र आहे पण आकडे नाहीत? कॅमेरा आणि बीटाफ्लाइट यांचा व्हिडिओ प्रकार (पाल किंवा एनटीएससी) जुळवा, आणि बॅटरी लावून पाहा, कारण बऱ्याच बोर्डांवर नुसत्या यूएसबीने ओएसडी चालू होत नाही. सगळा बर्फच असेल तर वाहिनी चुकली आहे किंवा पिट मोड (व्हीटीएक्स अगदी कमी पॉवरवर ठेवणारी सोय) चालू राहिला आहे. थ्रॉटलबरोबर वाढणाऱ्या रेषांसाठी कॅपॅसिटर आणि ग्राउंडचे जोड पाहा.

दूरच्या झाडाच्या फांद्या स्पष्ट दिसेपर्यंत लेन्स फिरवा, मग तिची रिंग आवळा. कॅमेऱ्याचा कोन सुरुवातीला १५ ते २० अंश पुरे. जास्त कलवलात तर जमीन दिसावी म्हणून वेग वाढवावा लागतो, आणि नवशिक्याला तेच महागात पडतं.

पल्ला दुप्पट करायला पॉवर चौपट लागते. त्यामुळे मिलीवॉट वाढवण्याआधी गॉगलच्या एका पोर्टला एकाच दिशेचा सिग्नल जास्त पकडणारा पॅच अँटेना लावा, दुसऱ्यावर सगळ्या बाजूंचा पकडणारा साधा गोल अँटेना राहू द्या. ड्रोन बरोबर डोक्यावर आला की त्याच्या अँटेनाचं टोक तुमच्याकडे होतं आणि चित्र दुबळं पडतं. तो दोष समजू नका.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नोंदणी आधी उरका आणि मैदान हिरव्या क्षेत्रात आहे का ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहा. तिथे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. गॉगल घातल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून ड्रोनवर नजर ठेवणारा एक जण शेजारी हवाच. दोघे उडवणार असाल तर एकाने आर-३, दुसऱ्याने आर-६ घ्यावी, आणि बॅटरी लावण्याआधी मोठ्याने सांगावं, कारण त्याच वाहिनीवर दुसरा व्हीटीएक्स चालू झाला की हवेतल्याचं चित्र जातं. गॉगल काढून ठेवताना भिंगं खाली करा. त्यांच्यातून उन्हाची तिरीप आत गेली तर पडदा जळतो.