खांदे-मांड्या आखडल्यात? घरच्याच माणसाकडून ताण असा घ्या

सांगलीच्या तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पुढचे कैक आठवडे हात खांद्याच्या वर आणि मान मागे. छाटणी, विरळणी, घडांचं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), सगळी कामं मांडवाखालची. रात्री शर्ट काढायला हात वर नेला तरी कळ येते. मग घरातल्या पोराला हाक जाते, ‘जरा पाठीवर पाय दे रे.’ घटकाभर बरं वाटतं, पण आखडलेला स्नायू त्याने मोकळा होत नाही आणि मणक्यावर उगाच भार येतो. त्याच पोराला नीट ताण द्यायला शिकवा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

कुणी करू नये, ते आधी. कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरतात, नुकतं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालंय, एकच पोटरी सुजून गरम लागते, अशांनी थेट डॉक्टर गाठावा. आजीची हाडं ठिसूळ झाली असतील तर हा प्रयोग नको. खांदा सगळ्याच बाजूंनी अडत असेल तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त दिसतो. तो घरी ओढू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि मान कुणाचीच घरी ओढायची नाही, कटकन वाजवायची तर मुळीच नाही.

थंड अंगाने सुरुवात करू नका. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर किंवा दहा मिनिटं चालून आल्यावर जमिनीवर सतरंजी टाका.

मांडीच्या मागच्या भागापासून सुरू करा. ताण घेणाऱ्याने उताणं झोपायचं, एक पाय सरळ जमिनीवर. मदत करणाऱ्याने बाजूला गुडघ्यावर बसून दुसरा पाय उचलायचा. एक हात टाचेखाली, दुसरा मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर. गुडघ्यावर दाब नको. तो किंचित वाकलेला राहिला तरी चालतो. पाय सावकाश वर न्या आणि पहिला ओढा जाणवला की तिथेच थांबा. १५-२० सेकंद धरा.

आता खरी युक्ती. झोपलेल्याने टाच खाली, मदत करणाऱ्याच्या हातावर दाबायची, पाच-सहा सेकंद, अंगातल्या निम्म्याच जोराने. समोरच्याने पाय हलू द्यायचा नाही. मग श्वास सोडत पाय पूर्ण ढिला टाकायचा. आता तोच पाय थोडा आणखी वर जातो. तिथे २०-३० सेकंद धरा. असं दोन-तीनदा, मग दुसरा पाय. १९४०च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कॅबॅट आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट नॉट यांनी पोलिओसारख्या आजारांतल्या रुग्णांसाठी जी उपचारपद्धत घडवली, तिच्यातूनच ही रीत आली. दाबून ढिलं सोडल्यावर शरीर तोच ताण जास्त सहन करू देतं, म्हणून पाय पुढे जातो. जोर लावून तो न्यायचा नसतो.

इथेच बहुतेकांचं चुकतं. आपली वडीलधारी माणसं दुखलं तरी बोलत नाहीत. ‘कर कर, मला काय होत न्हाई,’ म्हणतात. म्हणून तोंडापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. श्वास अडकला, कपाळावर आठी आली, पायाची बोटं आवळली की ताण जास्त झालाय, दोन बोटं मागे या. ओढा जाणवला पाहिजे, टोचणी किंवा मुंग्या नाहीत. झटके देणं, हिसके मारणं पूर्ण बंद. ‘बस’ म्हटलं की जागेवर थांबायचं, हा नियम आधीच ठरवा.

छाती आणि खांद्यांसाठी मांडी घालून ताठ बसा, बोटं एकमेकांत गुंतवून हात डोक्यामागे. मदत करणाऱ्याने मागे उभं राहून दोन्ही कोपरं आतून धरून हळूच मागे न्यायची. कंबर पुढे झुकली किंवा मान खाली दाबली गेली तर छातीला ताण बसत नाही, नुसतं बसल्याचं समाधान मिळतं. कोपरं पुढे दाबायची, सोडायची, पुन्हा मागे. गणित तेच. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर ताबडतोब सोडा.

पोटरीसाठी पाय सरळ ठेवून टाच तळहातात धरा आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने पाऊल नडगीकडे रेटा. सोपं आहे.

यानंतर लगेच उठू नका. दुसऱ्याने हलवलेला सांधा स्वतःच्या ताकदीने हलवता आला तरच तो कामाला येतो. म्हणून तोच पाय आधाराशिवाय दहा वेळा वर-खाली करा, हात भिंतीवरून सरकवत वर न्या.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. फरक काही आठवड्यांनी दिसतो. आणि छाटणीच्या दिवसांत तासा-दीड तासाने मांडवाबाहेर येऊन मिनिटभर हात खाली सोडा, हनुवटी छातीकडे न्या. दिवसभर आखडलेलं सगळं रात्रीच्या पंधरा मिनिटांत सुटत नाही.