घोड्याच्या वृषणातील संप्रेरके शिकताना

अकलूजच्या घोडेबाजारातून खच्ची म्हणून घेतलेला पाच वर्षांचा घोडा घोडी दिसली की आवरत नाही, अशी तक्रार घेऊन माळशिरस तालुक्यातील एक शेतकरी माझ्याकडे आले, तेव्हा पशुवैद्यकाची पदवी घेऊन सोलापुरात काम सुरू केल्याला मला वर्षही झाले नव्हते. अंडकोशात हाताला काही लागत नव्हते. मी रक्ताचा एकच नमुना पाठवला, टेस्टोस्टेरॉन कमी आले, आणि घोडा खच्चीच आहे असे मी लिहून दिले. तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि घोड्याच्या वृषणाची मला नीट ओळख नव्हती हेच त्या चुकीचे कारण होते.

मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे एलएच हे संप्रेरक वृषणातील लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन तयार करून घेते आणि तिथूनच येणारे एफएसएच हे संप्रेरक शुक्राणू जिथे तयार होतात त्या शुक्रजनक नलिकांतील सर्टोली पेशींवर काम करते, इथपर्यंत घोडा आणि बैल यांच्यात फारसा फरक नाही. पुढे मात्र घोडा वेगळा पडतो. त्याच्या लायडिग पेशींत ॲरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असते आणि ते टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे ज्याला आपण मादीचे संप्रेरक म्हणतो, ते आंडील (खच्ची न केलेल्या) घोड्याच्या शरीरात प्रचंड प्रमाणात तयार होते आणि बहुतांशी इस्ट्रोन सल्फेटच्या रूपात रक्तात व मूत्रात उतरते. संप्रेरकांचे अभ्यासक बर्नहार्ड झोंडेक यांनी १९३४ मध्ये नर घोड्याच्या मूत्रातील या इस्ट्रोजेनची नोंद प्रसिद्ध केली. ती वाचल्यावर ‘नराचे’ आणि ‘मादीचे’ संप्रेरक ही विभागणी मी कायमची सोडून दिली, आणि नवीन विद्यार्थ्यांनीही ती सुरुवातीलाच सोडावी असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट ऋतूची. घोडा हा दिवस मोठा होऊ लागला की प्रजननासाठी सज्ज होणारा प्राणी आहे; अंधारात स्रवणाऱ्या मेलॅटोनिनवरून त्याच्या शरीराला दिवसाची लांबी कळते. परंतु पाठ्यपुस्तकांतील ऋतूनुसारचे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतील आहेत, आणि सोलापुरात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर सर्वांत मोठा सुमारे १३ तासांचा असतो. म्हणून ते आलेख इथल्या घोड्यांना जसेच्या तसे लावू नयेत. टेस्टोस्टेरॉन दिवसभरातही वरखाली होत राहते, तेव्हा नमुन्याच्या बाटलीवर तारखेबरोबर वेळ आणि घोड्याचे वय लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

वृषण पोटात किंवा जांघेत अडकले आहे का, हे ठरवण्यासाठी एचसीजी हे संप्रेरक देण्यापूर्वी एक आणि दिल्यानंतर तासा-दोन तासांनी दुसरा नमुना घेतात. एचसीजी हे एलएचसारखे काम करते. लायडिग पेशी शिल्लक असतील तर टेस्टोस्टेरॉन वाढते, नसतील तर वाढत नाही. इस्ट्रोन सल्फेटची चाचणी एका नमुन्यात भागते, पण ती तीन वर्षांखालील घोड्यांत भरवशाची नाही आणि गाढवांत तर उपयोगाचीच नाही. आपल्या जिल्ह्यात गाढवेही तपासावी लागत असल्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. सर्टोली पेशींतून येणारे अँटी-म्युलेरियन हार्मोन मोजणे हा अलीकडचा चांगला पर्याय आहे.

घोड्यांवर संशोधन करायचे असेल तर हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे काम पाहावे. त्याआधी मात्र खच्चीकरणात काढलेले वृषण स्वतः कापून, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. नलिकांच्या मधल्या जागेतील लायडिग पेशी एकदा ओळखता आल्या की चाचण्यांचे अर्थ आपोआप जुळू लागतात.

तो घोडा दोन महिन्यांनी परत आला. या वेळी एचसीजी देऊन पाहिल्यावर टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढले. मी त्या शेतकऱ्यांकडे आधीची चूक कबूल केली आणि घोड्याला शस्त्रक्रियेसाठी पाठवले. पोटातून निघालेले वृषण लहान आणि मऊ होते; पोटातील उष्णतेत शुक्राणू तयार होऊ न शकल्याने नलिकांमध्ये त्यांचा मागमूस नव्हता, पण नलिकांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी दाटीने बसलेल्या होत्या.