बल कोण लावतंय? गतीचे नियम शिकताना या चुका टाळा

सरळ वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बलं असतात, असं नववीच्या वर्गात विचारून पाहा. बऱ्याच वह्यांत दोन बाण दिसतील. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, ‘हाताचं बल’ असं लिहिलेला. हा दुसरा बाण चूक आहे, आणि माझ्या मते या धड्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ तोच आहे.

चेंडू सुटला की हाताचा संबंध संपतो. हाताने चेंडूला वेग दिला. बल त्याच्यासोबत प्रवासाला जात नाही. हवेचा विरोध सोडला तर वर जाताना, सर्वोच्च बिंदूवर आणि खाली येताना चेंडूवर एकच बल असतं, पृथ्वीचं. म्हणून त्वरणही पूर्ण वेळ खालच्या दिशेने ९.८ मी/से² एवढंच राहतं. ‘सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य, म्हणून त्वरण शून्य’ असं लिहू नका. तिथे त्वरण खरंच शून्य असतं, तर एकदा थांबलेला चेंडू हवेतच लटकून राहिला असता! वेग त्या क्षणी शून्य असला तरी तो बदलत असतो, आणि त्वरण म्हणजे तो बदलण्याचा दर.

उपाय सोपा आहे. आकृतीत बाण काढताना प्रत्येक वेळी विचारा: हे बल कोण लावतंय? पृथ्वी, टेबल, दोरी, जमीन, हवा असं कुणाचं तरी नाव सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर बाण खोडा. ‘गतीचं बल’ आणि ‘जडत्वाचं बल’ इथेच गळून पडतात. एसटीने करकचून ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो, पण मागून कुणी ढकललेलं नसतं. पाय बसबरोबर थांबतात, वरचं शरीर मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं.

‘बल संपलं म्हणून वस्तू थांबली’ ही याच चुकीची दुसरी बाजू. कॅरमच्या बोर्डावर स्ट्रायकर तितक्याच जोराने मारा, एकदा पावडर टाकून आणि एकदा न टाकता. पावडर असताना तो लांब जातो. बोटाचं बल दोन्ही वेळा स्पर्श सुटताच संपलेलं असतं. फरक पडला तो घर्षणात. स्ट्रायकर थांबतो घर्षण बलामुळे. गतीसाठी सतत बल लागतं असं ॲरिस्टॉटलपासून सुमारे दोन हजार वर्षं मोठमोठे विद्वान मानत आले. गॅलिलिओने त्याला धक्का दिला आणि १६८७ मध्ये न्यूटनने नियम मांडले. त्यामुळे पालकांनो, मुलाने ही चूक केली तर रागावू नका, कॅरम बोर्ड काढा.

न्यूटनचा तिसरा नियम सांगतो, की एका वस्तूने दुसरीवर बल (क्रिया) लावलं, की दुसरीही पहिलीवर तितकंच, उलट दिशेचं बल (प्रतिक्रिया) लावते. इथे मुलं अडतात ती बैलगाडीपाशी. बैल गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतो, तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. मग दोन्ही बलं एकमेकांना रद्द करत नाहीत का? नाही, कारण ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत. फक्त गाडीकडे बघा: पुढे बैलाची ओढ, मागे घर्षण. ओढ जास्त झाली की थांबलेली गाडी सुटते. आता फक्त बैलाकडे बघा: तो खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. चिखलात खुरं घसरू लागली की नेमकी हीच रेट कमी पडते. एका वेळी एकच वस्तू निवडायची आणि तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढायचा, ही सवय लावून घ्या.

टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाने लावलेलं वरचं बल, यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणू नका. ती समान आणि विरुद्ध आहेत खरी, पण दोन्ही पुस्तकावरच आहेत. पृथ्वी पुस्तकाला ओढते, याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं.

‘माझं वजन ४० किलो’ हे घरात चालतं, पेपरात नाही. ४० किलोग्रॅम हे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने ओढते ते बल, ते ४० × ९.८ म्हणजे ३९२ न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक). चंद्रावर वजन साधारण सहावा भाग होईल, वस्तुमान तेवढंच राहील. जड वस्तू आधी पडते असं अजूनही वाटत असेल, तर १९७१ सालच्या अपोलो १५ मोहिमेची चित्रफीत बघा. अंतराळवीर डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले आणि दोन्ही एकदम टेकले, कारण पिसाला अडवायला तिथे हवा नाही.

आणि एककं. ताशी ५४ किलोमीटर वेगाची बस ५ सेकंदांत एकसारखी मंदावत थांबली, तर किती अंतर गेली? ५४ चे आधी १५ मी/से करा (५ ने गुणा, १८ ने भागा). त्वरण उणे ३ मी/से², अंतर ३७.५ मीटर. रूपांतर विसरलात तर उत्तर येतं १३५ मीटर, आणि मंदन १०.८ मी/से², म्हणजे गुरुत्वत्वरणापेक्षाही जास्त. एवढ्या ब्रेकने उभे प्रवासी थेट ड्रायव्हरच्या केबिनवर आदळतील. असं उत्तर दिसलं की पहिली ओळ पुन्हा तपासा.