आफ्रिकेतल्या जनावरांची नावं उकलायची कशी? सुरुवात आपल्या रोह्यापासून

धान निघाला की आमच्या वावरात हरभरा असते आणि घाटे भरले की रोही आलेच, त्यामुळे रात्री जागलीला जावं लागते. यंदा पुतण्या सोबत होता, मचाणावर बसून मोबाईलवर आफ्रिकेचे व्हिडिओ पाहत होता, मधेच म्हणतो, "काकाजी, हे आर्डवार्क, वाइल्डबीस्ट, काहून असली नावं?" मी म्हटलं तू आधी समोर जो हरभरा खाऊन राहिला त्याचं नाव सांग. तो म्हणे रोही. पुस्तकात? नीलगाय. गाय आहे का ती? नाही, काळविटाच्या गोतातली. आणि तिचं शास्त्रीय नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस, म्हणजे बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार जनावरं एकाच नावात कोंबलेत, जणू नाव देणाऱ्या साहेबांना हे नेमकं कशासारखं दिसते तेच ठरवता आलं नाही. आफ्रिकेत हाच खेळ शेकडो वेळा झाला, तो पकडायची एक रीत आहे, ती सांगतो.

एक वही घ्या, एक पेन, एक पेन्सिल. पेन्सिल कशाला ते पुढे कळेल.

पहिलं काम म्हणजे शब्द फोडायचा. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, जहाजांना ताजा भाजीपाला-मटण मिळावं म्हणून ठाणं टाकलं, तिथल्या डच बोलीची पुढे आफ्रिकान्स भाषा झाली, नंतर इंग्रज आले आणि त्यांनी ती नावं तशीच उचलली. म्हणून सात-आठ शब्द पाठ केले की अर्धं काम होते. आर्ड म्हणजे जमीन, वार्क म्हणजे डुक्कर, वुल्फ म्हणजे लांडगा, बॉक म्हणजे बोकड, बीस्ट म्हणजे ढोर, क्लिप म्हणजे खडक, स्प्रिंग म्हणजे उडी. आता लावून पहा. आर्डवार्क झालं जमिनीतलं डुक्कर, आर्डवुल्फ जमिनीतला लांडगा, क्लिपस्प्रिंगर खडकावर उड्या मारणारा, वाइल्डबीस्ट रानढोर. आपल्या सायाळीचा आफ्रिकेतला भाऊबंद आहे, त्याला ते आयस्टरफार्क म्हणतात, लोखंडी डुक्कर! मला तर हे नाव आपल्यापेक्षा भारी वाटते.

पण अर्थ लागला म्हणजे झालं असं नाही, नाव खोटं बोलते. आर्डवार्क डुकराच्या गोतातलं नाही, वाळवी-मुंग्या खाणारं एकटंच वेगळं जनावर आहे. आर्डवुल्फ लांडगा नाही, तडसाच्या कुळातला आहे आणि तोही वाळवीच चाटते. म्हणून दुसरा प्रश्न नेहमी हा विचारायचा, की नाव देणाऱ्याच्या गावाकडे कोणतं जनावर होतं. एलंड हे डच भाषेत युरोपातल्या मूस या मोठ्या हरणाचं नाव, ते लावलं आफ्रिकेतल्या थोराड कुरंगाला. मूसची शिंगं दरवर्षी गळतात जशी आपल्या चितळाची, एलंडची कधी गळत नाहीत जशी रोह्याची, एवढं पाहिलं तरी घोळ कळते. गेम्सबॉक हे आल्प्सच्या डोंगरातल्या बोकडासारख्या जनावराचं नाव. रीबॉक हे युरोपातल्या छोट्या हरणाचं, दोन्ही लावली आफ्रिकेतल्या कुरंगांना, आणि हो, बुटांच्या ब्रँडचं नाव या आफ्रिकेतल्या रीबॉकवरूनच आलं. हसू नका, ताडोब्याच्या गेटवर आपलेच लोक रानगव्याला अजून 'बायसन' म्हणतात, तेही साहेबांचंच देणं, खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात.

तिसरं, काही नावं उसनी आहेत, ती फोडत बसू नका, कानाने ऐका. न्यू (वाइल्डबीस्टचंच दुसरं नाव) आणि क्वाग्गा (झेब्र्याचा एक प्रकार) हे तिथल्या मूळच्या खोईखोई आणि सान लोकांकडून आले, जनावर जसं ओरडते तसं नाव, जसा आपला कावळा. क्वाग्गा मात्र आता फक्त नावच उरलं, शेवटची मादी १२ ऑगस्ट १८८३ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

माणसांची नावं असतील तर सोपं, ग्रेव्हीज झेब्रा म्हणजे फ्रान्सचे अध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही, त्यांना १८८२ च्या सुमारास अ‍ॅबिसिनियातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, भेट आलेला झेब्रा. त्यांनी झेब्र्यासाठी काही केलं असं नाही. अशा वेळी वहीत बाजूला स्थानिक नाव लिहाच. स्वाहिलीत झेब्र्याला पुंडा मिलिया म्हणतात, पट्ट्यांचं गाढव, जिराफाला ट्विगा.

आता मजा. उलटी वाटही तपासा. चीता हे नाव इंग्रजीत आपल्याकडून गेलं, संस्कृत चित्रकवरून, म्हणजे ठिपक्यांचा. इथला चित्ता संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आणले, म्हणजे नाव इथून गेलेलं आणि जनावर तिथून आलेलं. आणि इंग्रजीतलं मंगूज? ते आपलं मराठी मुंगूसच. आफ्रिकेतल्या पट्टेवाल्या मुंगसाला जगभर बँडेड मंगूज म्हणतात ते आपलाच शब्द वापरून! पुतण्याला हे सांगितलं तर तो रोही हाकलायचं विसरून हसत बसला, हरभऱ्याच्या पाच-सहा ओळींचं तर नुकसानच झालं.

आता पेन्सिल. जी गोष्ट फारच गोड जमते ती पेन्सिलीने लिहायची. 'व्हाइट ऱ्हायनो पांढरा नाही, डचमधल्या रुंद या अर्थाच्या शब्दाचं इंग्रजांनी चुकीचं ऐकलं' ही कहाणी सगळीकडे फिरते, पण जुन्या डच कागदांत गेंड्याला तसं म्हटल्याचा पुरावा सापडलेला नाही, त्यामुळे पेन्सिल. मीरकॅटचंही तसंच. डचमध्ये तो शब्द मुळात एका माकडासाठी होता, केपला तो या उभ्या राहणाऱ्या मुंगसाच्या भावाला चिकटला, एवढं पेनाने लिहा. पण काही अभ्यासक म्हणतात तो शब्द संस्कृत मर्कटवरून आला असावा, पुतण्याला हे इतकं आवडलं की त्याने पेन उचलला, मी त्याच्या हातात पेन्सिल दिली.