जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात नवीन लागलात? हिशोब शिका, पण यादी जोडायच्या आधी थांबा

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झाल्या झाल्या मला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी ऑर्डर मिळाली. वाटलं होतं आता समुपदेशन करायचं, घरभेटी द्यायच्या, पण पहिल्या सहा महिन्यात डोकं फुटायची वेळ आली ती पैशाच्या कागदांमुळं. कॉलेजात याचं एक अक्षर शिकवलं नव्हतं. आता परभणी, हिंगोलीकडून पोरं-पोरी विचारतात, ताई ऑर्डर आलीय, जॉईन होऊ का, आधी काय वाचू. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. ओपीडी कशी चालते, आशांचं ट्रेनिंग कसं घ्यायचं हे तुम्हाला माहीत आहे, ते सोडते.

पैशाची वाट आधी समजून घ्या. मुख्य पैसा एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. जिल्ह्यानं पीआयपीमध्ये, म्हणजे खर्चाच्या आराखड्यात, मागायचं, ते मुंबईमार्गे दिल्लीला जातं आणि मग आरओपी, म्हणजे मंजुरीचा कागद, येतो. आरओपीत आपल्या हेडसमोर (खर्चाच्या शीर्षकासमोर) आकडा दिसला की नवीन माणूस खूश होतो, मी पण झाले होते, आशांना तारखा देऊन टाकल्या. तसं नसतंय. मंजुरी वेगळी, लिमिट (प्रत्यक्ष किती खर्च करता येईल ती मर्यादा) वेगळी आणि खर्च वेगळा. २०२१ पासून एकच नोडल खातं झालंय, त्यामुळं आपल्या खात्यात पैसे पडून राहत नाहीत, वरून लिमिट येते, आणि ३१ मार्चला उरली ती गेली. लिमिट उशिरा आली की सगळी शिबिरं जानेवारी ते मार्चमध्ये कोंबली जातात, आणि आपल्या बीड-धाराशिव-जालन्याकडं त्याच महिन्यात निम्मं गाव कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेलं असतं. फेब्रुवारीत शिबिर लावलं की समोर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ज्याच्या गोळ्या तुटल्यात तो उसाच्या फडात.

म्हणून पीआयपीची माहिती मागितली की दसऱ्याच्या आधीचं शिबिर आणि जाताना दोन-तीन महिन्यांचं औषध, ही गोष्ट स्पष्ट शब्दात लिहून द्या. दुसऱ्या जिल्ह्याची फाईल घेऊन नाव बदलायचा शॉर्टकट सगळीकडं फिरतो, तो घेऊ नका, मला त्याची चीड आहे. ज्या जिल्ह्यातून कुणी सहा महिने गाव सोडून जात नाही तिथला आराखडा आपल्याला चालणारच नाही.

बाकीचे पैसे थोडक्यात. ग्रामीण रुग्णालयात औषध संपलं तर रोगी कल्याण समितीतून स्थानिक खरेदीचा विषय काढता येतो. जिल्हा नियोजन समितीकडं नाविन्यपूर्ण योजनेतून मागता येतं, तिथं पालकमंत्री अध्यक्ष आणि कलेक्टर सदस्य सचिव, पण पगारासाठी तिथं आशा धरू नका. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारात मानसिक आजार आहे. बऱ्याच ग्रामसेवकांच्या डोक्यात दिव्यांग म्हणजे तीनचाकी सायकल एवढंच असतं. भांडू नका, कायद्याची अनुसूची छापून न्या, समोर ठेवा, चहा घ्या, पुढच्या महिन्यात परत जा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

एका गावात (गाव आणि तालुका सांगणार नाही) आम्ही ग्राम आरोग्य समितीला तयार केलं की अनटाईड फंडातून (समितीनं गावाच्या गरजेप्रमाणे वापरायच्या निधीतून) गरीब पेशंटना जिल्हा रुग्णालयापर्यंत जायचं भाडं द्यायचं. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर, जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं मराठवाड्याच्या बाहेर, त्यामुळं आपल्या माणसाला जिल्हा रुग्णालय हाच आधार, आणि रोजगार बुडवून वर भाडं घालून कोण येतं दर महिन्याला? तीन बैठका लागल्या. सरपंच आधी म्हणाले, वेड्यांवर गावाचा पैसा कशाला. अंगणवाडीताई आणि आशाताईनं बाजू लावून धरली म्हणून ठराव झाला. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पैसे दिले, पेशंट आले, औषधं सुरू राहिली, आणि मार्चमध्ये समितीनं सांगितलं मॅडम हिशोब द्या.

मी भरपूर पुरावा दिला. अडव्हान्स, पावत्या, सह्या, शिबिराचे जिओटॅग फोटो, आणि सगळ्यात मागं आमच्या फॉलोअप रजिस्टरची झेरॉक्स. नाव, वय, आजार, गोळी. सत्यप्रत म्हणून खाली माझीच सही. हिशोबात कुणी बोट ठेवू नये एवढंच डोक्यात होतं. ऑफिसात सगळ्यांनी फाईल बघितली, कुणी काही बोललं नाही, उलट हिशोब चोख आहे म्हणून कौतुक झालं. फाईल गावात गेली. ग्रामसभेत खर्चाचं वाचन झालं, कुणीतरी मागच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता.

त्यात एक बाई होती. दोन वर्षं न चुकता येणारी, घरचं-शेतातलं सगळं सांभाळणारी. तिच्या माहेरच्यांशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. पुढच्या ओपीडीला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मी घरी गेले तर दार आतून बंद होतं, शेजारीण म्हणाली आहे घरात, पण उघडणार नाही. मी ओट्यावर अर्धा तास बसून परत आले.

हे ज्यानं ग्रुपवर टाकलं त्याची चूक आहेच, पण ते पान फाईलला मी लावलं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ ला, त्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे, मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कलम २४ मध्ये तर संमतीशिवाय पेशंटचा फोटो माध्यमांना देऊ नये असं आहे. मला वाटायचं ही कलमं डॉक्टर आणि पत्रकारांसाठी असतात. बिलाच्या फाईलला पण ती लागू आहेत हे कुणी सांगितलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, पुन्हा पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी वाचा.

हिशोब बघणाऱ्याला काय पाहिजे? पैसा ठरावाप्रमाणे गेला का, किती जणांना गेला, तारीख कुठली. आजार कुठला, गोळी कुठली, हे त्याला नकोय आणि त्यानं मागितलं तरी ते द्यायचं नाही. गावाकडं जाणाऱ्या कागदावर फक्त केस नंबर, तारीख, रक्कम. नाव आणि सही असलेली पावती लागतेच, ती रुग्णालयात, बंद पाकिटात, ज्याच्याकडं रजिस्टर आहे त्याच्याच ताब्यात, आणि तपासायचीच असेल तर ऑडिटवाल्यानं तिथं येऊन बघावी. खर्चाचं शीर्षक 'रुग्ण प्रवास सहाय्य' एवढंच ठेवा, त्यात मनोरुग्ण शब्द नको. फोटोत बोर्ड घ्या, टेबल घ्या, आशाताईची पाठ घ्या, रांगेतले चेहरे नकोत. आणि फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकताना हा ग्रुप कुठपर्यंत जातो ते आधी बघा, आमच्या ग्रुपमध्ये तीन माणसं अशी होती जी नोकरी सोडून गेली होती तरी तशीच होती. शक्य असेल तिथं शिबिर बीपी-शुगरच्या तपासणीसोबतच लावा म्हणजे रांगेत उभं राहिलं म्हणून कुणाला शिक्का बसत नाही.

कुणी साहेब म्हणतील यादी लावल्याशिवाय बिल निघणार नाही. निघतंय. लेखी मागा, कुठल्या नियमात आहे ते. मी असं मागितल्यावर तो आग्रह तिथंच थांबला.

हे सगळं वाचून हिशोब म्हणजे नसती कटकट असं समजू नका, देखरेख पाहिजेच. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख, म्हणजे लोकांनीच सेवेवर लक्ष ठेवायचं काम, सुरू झाली, त्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यात आपलं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, होतं. तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं मला जनसुनवाईत (लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या सभेत) बोलायचं कसं ते शिकवलं: माणूस लपवायचा, प्रश्न नाही. 'अमक्याला गोळी मिळाली नाही' म्हणायचं नाही, 'ग्रामीण रुग्णालयात अमुक गोळी अमुक तारखेपासून नाही' म्हणायचं. त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ हातात ठेवा, अत्यावश्यक यादीतली औषधं तिथं फुकट मिळणं हा हक्क आहे. पेशंटच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणारं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ पण विसरू नका, त्यात न्यायाधीश असतात, कलेक्टरचा प्रतिनिधी असतो, आणि दोन जागा स्वतः आजार असलेल्या, काळजी घेणाऱ्या किंवा या क्षेत्रातल्या संस्थांच्या माणसांसाठी असतात. आपल्या भागातून त्या जागेवर कोण आहे विचारा.

गुरू कुणाला करायचं? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मोठमोठी ट्रेनिंग देणाऱ्यांच्या मागं लागू नका. अकाउंटला बसणारे एखादे काका आणि जुन्या सिस्टर, या दोघांजवळ रोज पंधरा मिनिटं बसा. मला व्हाउचर कसं वाचायचं ते काकांनी शिकवलं आणि पेशंट का येत नाही ते सिस्टरनी.

११ महिन्यांच्या ऑर्डरची भीती सगळ्यांनाच असते, मलाही दरवर्षी पोटात गोळा येतो. पगार दोन-दोन महिने लांबतो, घरी आई विचारते परमनंट कधी होणार. तरी जॉईन व्हा म्हणेन. पहिल्या वर्षी काही सुचत नाही, दुसऱ्या वर्षी लिमिट आली की आधी काय उरकायचं ते आपोआप कळायला लागतं, आणि चुका होतात, माझ्याएवढी मोठी होऊ नये म्हणून तर हे लिहिलं. यंदाच्या मार्चसाठी फाईल लावत असाल तर आज रात्रीच मागची पानं काढून बघा.

त्या बाईबद्दल आशाताईकडून एवढंच कळलं की ती आता दुसऱ्या तालुक्याच्या ओपीडीत जाते, एसटीनं, स्वतःच्या भाड्यानं. गोळ्या चालू आहेत म्हणे. मी तिकडं जात नाही.