श्रावणाआधी ब्रॉयलरचा हिशेब : पक्षी धरायचा की विकायचा

चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये पसरली आणि जिवंत कोंबडीचा दर उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला. विक्रीला आलेला पक्षी अशा वेळी धरून ठेवणे सर्वांत महाग पडते. श्रावणात मागणी घटते तेव्हाही हिशेब हाच.

वयाच्या सहाव्या आठवड्यात १००० पक्षी रोज सुमारे १८० किलो, म्हणजे साडेतीन पोत्यांहून थोडे जास्त खाद्य खातात. वजन वाढते साधारण ८५ किलो. खाद्य ४० रुपये किलो धरले तर रोजचे ७२०० रुपये. वाढीचा एक किलो सुमारे ८५ रुपयांना पडला, तोही मरतुक, वीज, मजुरी सोडून. व्यापारी ७० रुपये देत असेल तर रोज १२५० रुपये खिशातून जातात. शेडमध्ये २२०० किलो माल असेल तर हे भरून यायला दर रोज किलोमागे सुमारे ५७ पैशांनी चढला पाहिजे. अफवेत तो चढत नाही, घसरतो. शिवाय अडीच किलोच्या पुढच्या पक्ष्याला किरकोळ दुकानदार कमी विचारतो. आपल्या खाद्याचा भाव घालून वाढीच्या एका किलोचा खर्च आजच काढा आणि शेडच्या दारावर लिहून ठेवा.

गटारीला माल काढायचा तर पिल्ले ज्येष्ठ वद्य पंचमीच्या सुमारास यायला हवीत. दसऱ्यानंतरच्या विक्रीसाठी गणेश चतुर्थीच्या आसपास टाका. सगळा माल एकाच आठवड्यात तयार होऊ देऊ नका. दोन शेड असतील तर २० दिवसांचे अंतर ठेवा. एकाच शेडमध्ये मात्र दोन वयांचे पक्षी कधीही नकोत. मोठ्यांचा रोग लहानांना लागतो आणि शेड धुऊन मोकळे ठेवायला वेळच मिळत नाही.

लॉकडाऊनमध्ये खाद्याच्या गाड्या अडकल्या होत्या. आपल्याकडे २०१९ आणि २०२१च्या पुरात पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला, तेव्हाही तेच झाले. म्हणून पावसाळ्यात आठ-दहा दिवसांचे खाद्य हाताशी हवे, पण पंधरा दिवसांहून जास्त नको. दमट हवेत बुरशी धरते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. स्वतः खाद्य बनवत असाल तर १४ टक्क्यांहून जास्त ओल असलेला मका परत पाठवा, भाव कितीही पाडून दिला तरी.

कंपनीच्या करारावर पक्षी पाळणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. पिल्ले-खाद्य कंपनीचे, पण शेड रिकामे राहिले तरी बँकेचा हप्ता तुमचाच. कंपनीने तयार पक्षी उचलायला उशीर केला तर जादा दिवसांचा खर्च कोण देणार आणि दोन बॅचमध्ये जास्तीत जास्त किती दिवस खंड पडेल, हे करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. दोन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला असू द्या.

अचानक मर वाढली तर मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, घाईने विकूही नका. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूची भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. त्यासाठी पिल्लांच्या पावत्या आणि रोजच्या मरतुकीची वही शेडमध्ये नको, घरात ठेवा.