सर्वांत मोलाचा शूटिंग गार्ड कोण? हा वाद नीट कसा घालावा

कोबी की वेड? हार्डन की थॉम्पसन? एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणारे चार जण जमले की हा विषय निघतो, अर्ध्या तासात आवाज चढतात आणि शेवटी ज्याचा घसा मोठा त्याचा खेळाडू जिंकतो. मला हा वाद मनापासून आवडतो, म्हणूनच तो असा वाया गेलेला पाहवत नाही. थोडी तयारी केली तर त्यातून खेळ जास्त कळतो.

१. आधी प्रश्न पक्का करा

‘मोलाचा’ म्हणजे कशासाठी? एका मालिकेसाठी (दोन संघ चार विजय होईपर्यंत एकमेकांशी खेळतात ती), एका मोसमासाठी की अख्ख्या कारकिर्दीसाठी? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी निघू शकतात. बहुतेक भांडणांत एक जण खेळाडूच्या ऐन बहरातल्या दोन वर्षांबद्दल बोलत असतो, दुसरा वीस वर्षांबद्दल.

यादीत कोण बसतं तेही ठरवून घ्या. शूटिंग गार्ड म्हणजे संघातल्या पाचांतला दोन नंबर, मुख्यतः बाहेरून शॉट मारणारा; पण ही जागा कायमची नसते. जेम्स हार्डन २०१६-१७ मध्ये पॉइंट गार्ड (चाल रचणारा एक नंबर) म्हणून खेळला आणि सामन्यामागे ११.२ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) देऊन लीगमध्ये पहिला आला. ज्या मोसमाबद्दल बोलत आहात, त्या मोसमात तो कुठे खेळला हे धरा.

२. गुण कितीला पडले ते काढा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. २०१६ या एकाच वर्षात दोन शूटिंग गार्डनी प्रत्येकी ६० गुण केले. १३ एप्रिलला कोबी ब्रायंटने आपल्या शेवटच्या सामन्यात युटा जॅझविरुद्ध, आणि ५ डिसेंबरला क्ले थॉम्पसनने इंडियाना पेसर्सविरुद्ध. कोबीने पडलेले-चुकलेले धरून ५० शॉट मारले आणि १२ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एका गुणाचे मोकळे शॉट) घेतले. क्लेने ३३ शॉट मारले, ११ फ्री थ्रो घेतले आणि तो खेळला फक्त २९ मिनिटं.

आता वही काढा. फ्री थ्रोंच्या संख्येला ०.४४ ने गुणा, त्यात शॉटची संख्या मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. कोबीचं उत्तर येतं सुमारे ५४ टक्के, क्लेचं सुमारे ७९. (०.४४ का? दोन फ्री थ्रोंमागे साधारण एक चाल, म्हणजे आक्रमणाची एक संधी, खर्च होते; पण बास्केट झाल्यावर वर मिळणारा एक फ्री थ्रो नवी चाल खात नाही, म्हणून अर्ध्याहून थोडं कमी.) थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) आणि फ्री थ्रो दोन्हींचा हिशेब यात होतो, त्यामुळे नुसत्या शॉटच्या टक्केवारीपेक्षा हा आकडा कितीतरी प्रामाणिक.

३. शॉट कोणी घडवला ते विचारा

मग क्ले सरस ठरला का? थांबा. त्या रात्री क्लेने जेमतेम ११ वेळा ड्रिबल केलं आणि चेंडू त्याच्या हातात एकूण दीडेक मिनिटच होता. संघात सोबत करी, ड्युरंट आणि ड्रेमंड ग्रीन असे बडे खेळाडू होते. तो मोकळी जागा गाठायचा आणि चेंडू तिथे यायचा. कोबीच्या लेकर्सनी त्या मोसमात ८२ पैकी १७ सामने जिंकले होते. समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की शॉट तोच घेणार, तरी शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याने २३ गुण केले आणि पिछाडीवरून सामना १०१-९६ असा काढला.

म्हणून क्लेचं मोल कमी होत नाही. चेंडू हातात नसतानाही तो एक बचावपटू स्वतःला बांधून ठेवतो आणि उरलेल्या चौघांना मैदान मोकळं होतं. खरा प्रश्न हाच: हा माणूस बाकावर बसला की उरलेल्या चौघांचं काय होतं? प्लस-मायनस (खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे वा मागे गेला तो आकडा) त्यासाठीच असतं, पण एका सामन्याचा आकडा फसवतो. पूर्ण मोसमाचा घ्या.

४. बचाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

आपल्याकडे हे सामने बहुतेक पहाटे-सकाळी लागतात, त्यामुळे अनेकांची मतं क्लिपवर बनतात, आणि क्लिपमध्ये बचाव दिसत नाही. आठवड्यात एक सामना पूर्ण पाहा. त्यात दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त तुमच्या खेळाडूकडे बघा: स्क्रीन लागल्यावर (प्रतिस्पर्धी वाटेत भिंतीसारखा उभा राहिल्यावर) तो आपल्या माणसामागे धावतो की सोडून देतो?

मायकेल जॉर्डनने १९८७-८८ मध्ये सामन्यामागे ३५ गुण केले आणि त्याच मोसमात एमव्हीपीबरोबर (मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही घेतला. माझ्या मते त्याचं अव्वल स्थान या एका मोसमानेच पक्कं होतं. सहा विजेतेपदं मोजायची वेळही येत नाही.

५. काळाचा हिशेब धरा

जेरी वेस्टची कारकीर्द १९७४ मध्ये संपली आणि एनबीएत थ्री पॉइंटची रेषा आली १९७९-८० ला. तिच्याविना त्याची सामन्यामागे सरासरी २७ गुणांची होती. १९६९ च्या अंतिम मालिकेत तर तो हरलेल्या संघातून सर्वोत्तम खेळाडू ठरला. तसं आजवर दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. २००४-०५ पासून हाताने अडवण्याच्या नियमाची अंमलबजावणी कडक झाली आणि गार्डना आत घुसणं सोपं झालं. त्यामुळे आकडे त्या-त्या काळातल्या इतरांशी ताडून पाहा.

६. विजेतेपदं मोजताना वाटा मोजा

मानू जिनोबिलीची कारकिर्दीतली सरासरी १३.३ गुणांची, त्यातही बरेच सामने तो बाकावरून उतरला. तरी त्याच्या सॅन अँटोनियो संघाच्या चार विजेतेपदांत त्याचा मोठा वाटा आहे. हजेरीही बघा: २०२३-२४ पासून एमव्हीपीसाठी किमान ६५ सामन्यांची अट आहे, आणि मला ती पटते.

आता माझं उत्तर. जॉर्डननंतर दुसरं कोण? एका मालिकेपुरतं विचाराल तर ड्वेन वेड: २००६ च्या अंतिम फेरीत मायामी डॅलसविरुद्ध ०-२ ने मागे होतं, त्याने सुमारे ३९ गुणांच्या सरासरीने सलग चार सामने काढून दिले. अख्ख्या कारकिर्दीसाठी विचाराल तर कोबी: एकाच संघाकडून २० मोसम, ३३,६४३ गुण, पाच विजेतेपदं. आणि सामन्यामागे २५ मिनिटंच कोणी हवा असेल, तर मी जिनोबिलीला घेईन.